अम्माच्या सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट, दोन वेगळे ग्रेड. नेमकं काय समजायचं?

पूर्वभागची_लेक
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. मी सोलापूरचीच, पूर्व भागातली. अम्माच्या पोटाच्या सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट समोर ठेवून हा धागा काढतेय. दोन्हींत तीन आठवड्यांचं अंतर. पहिल्यात 'फॅटी लिव्हर, ग्रेड २', दुसऱ्यात 'ग्रेड १'. मधल्या दिवसांत तिने ना कुठलं नवं औषध घेतलं, ना वजन उतरलं.

अम्माचं वय ५८, उंची १५१ सेंमी, वजन ५६ किलो. मधुमेहाला ११ वर्षं झाली, गोळ्या नियमित. बीपी नाही. दारूचा प्रश्नच येत नाही. तीस वर्षं विड्या वळतेय. सकाळी सूप मांडीवर घेतलं की दुपारच्या जेवणापर्यंत जागची हलत नाही. हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं.

झालं असं, की एका लग्नाच्या जेवणानंतर तिला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. पित्ताशयात खडे असतील म्हणून फॅमिली डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सोनोग्राफी करायला लावली. खडे नव्हते, लिव्हरचं मात्र निघालं. मामा म्हणाले, एका ठिकाणावर विसंबू नका, मोठ्या मशीनवर करा. म्हणून दुसरी केली. आता मामा म्हणतात, "बघ, कमी झालं की." शेजारच्या अक्का म्हणतात, "हे हल्ली सगळ्यांनाच निघतंय गं, सोड." मला दोन्ही पटत नाहीये.

कुठला रिपोर्ट खरा धरायचा? आणि ग्रेड २ म्हणजे लिव्हर कितपत खराब झालंय?

---

सात_रस्ता
सोमवार, रात्री ११:०५

ताई, घाबरू नका. माझ्या रिपोर्टात २०१९ पासून ग्रेड १ येतंय. डॉक्टर म्हणाले तेल-तूप कमी करा, चाला. मला काही त्रास नाही.

---

करडी_छटा
मंगळवार, सकाळी ६:५०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच काम करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला टेबलावर झोपलेला पेशंटही विचारतो आणि तेव्हा बाहेर रांग लागलेली असल्यामुळे नीट उत्तर देता येत नाही.

आधी मशीन काय बघतं ते. प्रोबमधून आवाजाच्या लाटा आत जातात, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या. अवयवांवर आपटून त्या परत येतात आणि त्यांचंच करडं चित्र पडद्यावर उमटतं. निरोगी लिव्हर आणि त्याला लागून असलेली उजवी किडनी, दोघांची छटा जवळपास सारखी दिसते. लिव्हरच्या पेशींत चरबीचे बारीक थेंब साठले की प्रत्येक थेंबावरून लाट विखुरते. त्यामुळे लिव्हर पांढुरकं दिसतं आणि किडनी त्याच्या शेजारी काळपट वाटते.

माझं लहानपण लूमच्या आवाजात गेलं. शेडमध्ये कापसाची लव उडत असते, आणि कवाडातून उन्हाची तिरीप आली की जवळची लव चमचम करते, पण पलीकडची भिंत दिसेनाशी होते. चरबी भरलेल्या लिव्हरचं अगदी तसंच. पुढचा भाग झगझगीत, आणि लाटांची ताकद वाटेतच संपल्यामुळे मागचा भाग अंधारात.

ग्रेड यावरूनच ठरतात. लिव्हर किडनीपेक्षा उजळ, पण आतल्या पोर्टल व्हेनच्या (लिव्हरमध्ये रक्त आणणारी मोठी शीर) कडा आणि मागचं श्वासपटल स्वच्छ दिसतंय, तर ग्रेड १. त्या कडा पुसट झाल्या, तर २. मागचा भाग आणि श्वासपटल दिसतच नाही, तर ३. हा सगळा डोळ्यांचा अंदाज असतो, यात कुठेही मोजपट्टी नाही. मशीनचा गेन वाढवला की अख्खं चित्र उजळतं. त्यासाठीच तर एकाच चित्रात, एकाच खोलीवर किडनी शेजारी ठेवून बघायचं असतं. पण किडनीच आजारी असेल तर तीही उजळ दिसते आणि तुलना फसते. पेशंट जाड असेल, आतड्यांत गॅस असेल, श्वास नीट धरता येत नसेल, तरी फरक पडतो. १ आणि २ च्या सीमेवरचं लिव्हर मी आज १ म्हणेन, माझा सहकारी २ म्हणेल, आणि दोघांपैकी कुणी चुकलेलं नसेल. तुमच्या अम्मांची पहिली सोनोग्राफी संध्याकाळी, जेवण झाल्यावर झालेली दिसते. दुसरी बहुधा सकाळी उपाशीपोटी?

म्हणजे तीन आठवड्यांत चरबी कमी झाली असं या दोन रिपोर्टांवरून मुळीच म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ग्रेड हा चरबीचा असतो, लिव्हर किती खराब झालंय याचा नव्हे. खराबी म्हणजे लिव्हरमध्ये व्रण पडत जाणं, त्याला फायब्रोसिस म्हणतात. त्याचे टप्पे एफ-० ते एफ-४, आणि शेवटचा टप्पा म्हणजे सिरॉसिस. सुरुवातीचे टप्पे साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. ग्रेड ३ असलेल्या माणसाचं लिव्हर मऊ असू शकतं, आणि ग्रेड १ वाल्याचं कडक झालेलं असू शकतं.

---

पूर्वभागची_लेक
मंगळवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, अगदी बरोबर. पहिली संध्याकाळी पाचला, उपमा-चहा झाल्यावर. दुसरी सकाळी, रात्रीपासून पोटात काही नसताना. ग्रेडचा अर्थ आम्हाला आजवर कुणीच असा सांगितला नव्हता. मी ग्रेड २ म्हणजे कॅन्सरच्या स्टेज २ सारखं काहीतरी समजून रात्रभर जागी होते.

---

मोहोळचा_माणूस
मंगळवार, दुपारी १:३०

ताई, हे लिहायला मला जड जातंय, पण तुम्ही वाचावं म्हणून लिहितोय.

आमचे अण्णा. साखर होती, दारूला कधी शिवले नाहीत. २०१५ पासून दरवर्षी सगळ्या तपासण्या व्हायच्या. दरवर्षी सोनोग्राफीत तेच, फॅटी लिव्हर ग्रेड २. आम्हाला ते वाक्य पाठ झालं होतं. २०२१ ला रिपोर्ट आला ग्रेड १. घरात लै आनंद झाला. आईनं गोड केलं, मी स्वतः बाजारातनं पेढे आणले. पुढच्या दिवाळीत, पाडव्याच्या पहाटे अण्णांना रक्ताची उलटी झाली. अंगणातली रांगोळी तशीच ओलांडून आम्ही त्यांना सोलापूरला आणलं. एंडोस्कोपी केली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड बांधले. सिरॉसिस म्हणाले.

तिथल्या डॉक्टरांनी जुनी फाईल मागितली आणि एकेक पान उलटत गेले. ते लिव्हरच्या ओळीकडं बघतच नव्हते. प्लेटलेट बघत होते. २०१५ ला २ लाख १०, मग १ लाख ८०, मग दीड लाख, २०२१ ला १ लाख ५ हजार. सात वर्षांचे सात कागद, आणि दर कागदावर आकडा खाली खाली. ज्या ठिकाणी दरवर्षी तपासत होतो तिथं कुणी दोन कागद शेजारी ठेवून बघितले नाहीत. आम्हीपण नाही बघितले.

अण्णा आहेत. दर काही महिन्यांनी बँडसाठी जावं लागतं. पण चरबी कमी झाली म्हणून जे पेढे वाटले ते मला अजून आठवतात.

---

करडी_छटा
मंगळवार, दुपारी २:४५

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. लिव्हरमध्ये व्रण वाढत गेले की पेशींतली चरबी पुष्कळदा कमी होत जाते. सिरॉसिसच्या टप्प्यावर कधी कधी चरबी जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे ग्रेड उतरला आणि वजन मात्र तेवढंच आहे, तर आम्ही आणखी बारकाईने बघायला हवं. लिव्हरची कड खडबडीत झाली आहे का, प्लीहा (स्प्लीन) मोठी आहे का, पोर्टल व्हेन रुंदावली आहे का, पोटात पाणी आहे का. प्लीहा वाढली की प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात, आणि दुखण्याची चाहूल अशी रक्ताच्या कागदावर आधी लागते.

पूर्वभागच्या ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये प्लीहेचं माप दिलंय का?

---

पूर्वभागची_लेक
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

दोन्हींत प्लीहा 'नॉर्मल' लिहिलंय, दुसऱ्यात १०.४ सेंमी. लिव्हर पहिल्यात 'किंचित वाढलेलं', दुसऱ्यात १५.२ सेंमी. दादा, तुमचं वाचून अम्माची फाईल काढली. गेल्या महिन्यातली रक्ततपासणी आहे. प्लेटलेट १ लाख ७८ हजार. लिव्हरच्या एन्झाइमचे दोन आकडे, एसजीओटी ४६ आणि एसजीपीटी ४१. फॅमिली डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही ४० च्या जरासंच वर आहे, काळजीचं काही नाही.

---

तपासनीस_२२
मंगळवार, रात्री ९:००

मी लॅबमध्ये आहे. एवढ्या आकड्यांवर एक हिशेब होतो, एफआयबी-४ नावाचा. वेगळी तपासणी लागत नाही, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करा.

वय गुणिले एसजीओटी: ५८ × ४६ = २६६८.
एसजीपीटीचं वर्गमूळ: ४१ चं साधारण ६.४. त्याला प्लेटलेटने गुणायचं, प्लेटलेट हजारात घ्यायच्या: ६.४ × १७८ = साधारण ११३९.
पहिल्याला दुसऱ्याने भागा: २.३४.

१.३ च्या खाली आलं तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर आलं तर शक्यता बरीच. तुमचं मधे आलंय. ६५ च्या वर वय असेल तर खालची सीमा १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू होत नाही.

मधे आलं म्हणजे रोग आहे असं नाही. पण 'काळजीचं काही नाही' असंही आता म्हणता येणार नाही.

---

सात_रस्ता
मंगळवार, रात्री ९:४०

मी माझं करून बघितलं, ०.९ आलं. बरं वाटलं. काल रात्री मी 'घाबरू नका' लिहिलं ते घाईचं होतं ताई, माफ करा. माझं वय, साखर, सगळंच तुमच्या अम्मांपेक्षा वेगळं आहे.

---

अक्कलकोट_रोड
बुधवार, सकाळी ९:१०

माझ्या साडूने लिव्हर साफ करायचा काढा चालू केलाय, गुळवेलीचा. तीन महिने घ्या म्हणतात. चरबी वितळते म्हणे. अम्मांना द्यायला हरकत नसावी.

---

फिजिशियन_जुळे_सोलापूर
बुधवार, सकाळी १०:३०

कृपा करून देऊ नका. गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी कोविडच्या काळात भारतातल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. मुळात अधू असलेल्या लिव्हरवर हा भार नको. तुमच्या साडूंनाही सांगा, आणि काढा चालू असेल तर एकदा एसजीपीटी करून घ्यायला सांगा.

ताई, तुमच्या अम्मांसाठी माझ्या मते पुढची पायरी फायब्रोस्कॅन. तीही एक प्रकारची सोनोग्राफीच आहे, पण तिच्यात चित्रापेक्षा मोजमाप महत्त्वाचं. बरगड्यांच्या मधे प्रोब ठेवून त्वचेवर हलकी टिचकी मारतात, तिची लाट लिव्हरमधून किती वेगाने जाते ते मशीन मोजतं. कडक गोष्टीतून लाट जोरात पळते. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. साधारण ५ च्या आसपास निरोगी, ८ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिस जवळपास नाहीच, ८ ते १२ मधे विचार करावा लागतो, १२ च्या वर तज्ज्ञांचं काम. त्याच वेळी चरबीचाही आकडा मिळतो, कॅप म्हणतात त्याला. जाताना किमान तीन तास पोटात काही नको. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा खोटा वर जातो.

त्याआधी हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड या तपासण्या करा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड कधी घेतलंय का, तेही आठवून सांगा. चरबी दिसली म्हणजे कारण मधुमेहच, असं गृहीत धरू नये. रिपोर्टवर कुठे 'मॅसल्ड' असा शब्द दिसला तर गोंधळू नका, २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं, पूर्वी त्याला नॅफल्ड म्हणायचे.

आणि 'हातपाय काटकुळे' यावर जाऊ नका. त्यांचा बीएमआय २४.६ येतो. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन धरतात. कंबर मोजा. बाईमाणसाला ८० सेंमी ही सीमा.

---

पूर्वभागची_लेक
बुधवार, दुपारी १२:००

आत्ताच मोजली. ९२.

---

विजापूर_वेस
बुधवार, दुपारी ४:२०

मला ९ वर्षं साखर आहे, पण सोनोग्राफीत लिव्हर नॉर्मल. म्हणजे मी यातून सुटलो ना?

---

करडी_छटा
बुधवार, रात्री ८:१०

तसं धरू नका. लिव्हरच्या साधारण ५ टक्के पेशींत चरबी आली की वैद्यकशास्त्र त्याला फॅटी लिव्हर म्हणतं. आमच्या डोळ्यांना मात्र साधारण २० टक्क्यांच्या खालची चरबी खात्रीने ओळखता येत नाही. साखर आहे, तर एफआयबी-४ काढाच. सोनोग्राफी नॉर्मल असो वा नसो.

---

शेंगा_भाकरी
बुधवार, रात्री ९:३५

हा धागा वाचून एक विचार आला. आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका किती आहेत! सगळ्यांचं बैठं काम, बऱ्याच जणींना साखर. एक मोठं शिबिर घ्यावं, सोनोग्राफी मशीन आणावं आणि सगळ्यांचं लिव्हर बघून टाकावं. मंडळाची पोरं तयार आहेत.

---

करडी_छटा
बुधवार, रात्री १०:२०

मनापासून आवडलं. पण मशीन आणता येणार नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध १९९४ चा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीन ठरावीक जागेवर नोंदलेलं असतं. ते उचलून मांडवात नेणं म्हणजे गुन्हा ठरू शकतो. कायदा का आला हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको, आणि तो कडकच हवा.

पण इथे मशीनची गरजही पहिल्या दिवशी नाही. मांडवात कंबरेची टेप, वजनकाटा, साखर, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट एवढं पुरतं. त्या आकड्यांवर तपासनीस यांनी दाखवला तो हिशेब करायचा. ज्या बायका १.३ च्या वर येतील, तेवढ्यांनाच पुढे पाठवायचं. सगळ्यांची सोनोग्राफी करून शंभर जणींच्या हातात 'ग्रेड १' चा कागद दिला, तर त्यातली खरी आजारी बाई कोण हे कळणारच नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलाय, त्यामुळे आरोग्य केंद्रातही विचारून बघा. शिबिराची तारीख ठरली तर मला कळवा, रविवार असेल तर मी येऊन बसेन.

---

तपासनीस_२२
बुधवार, रात्री १०:४५

रक्त काढायला मी आणि माझे दोन मित्र येऊ.

---

पूर्वभागची_लेक
पुढच्या आठवड्यात, शनिवार, रात्री ८:५०

फायब्रोस्कॅन झालं. सगळं लिहिते, कारण इथे मला जे मिळालं ते पुढच्या कुणाला लागेल.

सकाळी चहासुद्धा न घेता गेलो. अम्माला चहा चुकला की डोकं धरतं, त्यामुळे रिक्षात कुरकुर चालली होती. आत गेल्यावर तिला उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगितला. गार जेल लावलं, तशी ती शहारली. मग बरगड्यांच्या मधे टक, टक, टक. तिला वाटलं सुई टोचणार, म्हणून माझं बोट घट्ट धरून होती. चौथ्या टिचकीला तिने बोट सोडलं आणि म्हणाली, "एवढंच?" दहा मोजण्या झाल्या, दहा मिनिटंही लागली नाहीत.

कडकपणा ९.६ किलोपास्कल. कॅप २८८. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह. थायरॉइड ठीक. मेथोट्रेक्सेट वगैरे कधी घेतलेलं नाही.

पोटविकारतज्ज्ञ म्हणाले, मधल्या पट्ट्यात आहे, सिरॉसिस नाही, पण व्रण पडायला सुरुवात झालेली असू शकते. आत्ता बायोप्सी नको. सहा महिने वजन आणि साखरेवर काम करायचं, मग पुन्हा स्कॅन आणि पुन्हा हिशेब. साखरेच्या गोळ्यांतही एक बदल केला. पाच टक्के वजन उतरलं तर चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूज आणि व्रणांवरही परिणाम दिसू शकतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. म्हणजे अम्मासाठी किमान चार किलो.

त्यांनी खाण्याची चौकशी केली तेव्हा मीच थक्क झाले. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, सगळं बेताचं. पण विड्या वळताना अर्धा अर्धा कप चहा, दिवसात आठ वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर. सोळा चमचे! मधुमेहाच्या बाईच्या पोटात रोज सोळा चमचे साखर जात होती आणि घरात आम्ही तेलाच्या डब्यावर लक्ष ठेवून होतो.

---

फिजिशियन_जुळे_सोलापूर
शनिवार, रात्री ९:३०

वेळेवर पोचलात. चहा एकदम तोडू नका, आधी साखर अर्धी करा, दोन आठवड्यांनी बंद. आणि दर तासाला सूप खाली ठेवून पाच मिनिटं उठायचं, हे घड्याळ लावून करा. वजन महिन्याला अर्धा-पाऊण किलोच उतरू द्या. उपास करून झटक्यात उतरवलं तर लिव्हरला उलटाच त्रास होतो.

---

करडी_छटा
शनिवार, रात्री १०:०५

कॅप २८८ म्हणजे चरबी आहे हे नक्की, २७५ च्या वर तसं धरतात. त्यावरून परत ग्रेड १ की २ याचा खल करत बसू नका. सहा महिन्यांनी स्कॅन त्याच मशीनवर, तसंच उपाशीपोटी करा, म्हणजे ९.६ शी तुलना सरळ होईल.

---

मोहोळचा_माणूस
शनिवार, रात्री १०:३०

ताई, एक काम करा. फाईलच्या पहिल्या पानावर प्लेटलेटचा आकडा तारखेसकट लिहून ठेवा. दर वेळी त्याच्या खाली नवा आकडा. कागद बदलतात, डॉक्टर बदलतात, ते पान बदलू नका.

---

पूर्वभागची_लेक
रविवार, सकाळी ७:१५

लिहिलं दादा. कव्हरच्या आतल्या बाजूला, लाल पेनाने. १.७८, खाली तारीख. शेजारी ९.६ आणि कंबर ९२. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

अम्माच्या दोन्ही बहिणींनाही साखर आहे, दोघी विड्याच वळतात. चिन्नम्मा आणि तिची धाकटी, दोघींना घेऊन आत्ता लॅबला निघालेय. आकडे आले की तपासनीस, तुम्हाला इथेच टाकते.